वाघदेवाची पेंडी

जमुनटोला (चिचगडजवळ)
६ ऑक्टोबर २०२५

ती. सुखवंताआत्याबाईंस योगेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. दसऱ्याला गावाच्या वतीनं केशोरावकाकांनी बाबांची पगडी माझ्यापुढे ठेवली. मी ती गावासमोर परत केली. आपली जमीनदारी कधीच संपली, आजपासून मला राजकुवर म्हणू नका, असं सांगितलं. म्हाताऱ्या बाया माझ्या पाया पडायच्या, त्याची मला लाज वाटायची. बाबांच्या मागे मीच एकटी, घरातली पहिली ग्रॅज्युएटही मीच. मी नाही सोडायचं तर कोणी?

पण परवा वाघानं रूपलालचा बैल बांधावरच मारला. धान पिकलंय. जंगलातल्या वाघदेवाला पहिली पेंडी गादीच्या माणसानं एकट्यानं वाहायची, गावानं शिवेवर थांबायचं, तोवर बाकी शेताला विळा लावायचा नाही, ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आता गादी नाही, म्हणून पुजारी बकारामनं जावं असं बैठकीत ठरलं. म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले. त्याची बायको देवकाबाई दारात येऊन म्हणाली, काऊन वं बाई, तू राजपण सोडलं आन् वाघ आमच्या अंगावर ढकलून राहिली? तिचं खोटं नाही. आता तुम्हीच सांगा, काय करू?

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
योगेश्वरी

गोंदिया
१५ ऑक्टोबर

चि. योगेश्वरीस अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. एवढी पदवी घेतलीस, पण पगडीबरोबर पेंडीही येते हे कोणत्याच कॉलेजात शिकवलं नाही का? तुझे बाबा जंगलातून परतले की सदरा घामानं चिंब असे. गावाला ते कधी दिसलं नाही. मी त्यांना मागच्या दारानं घरात घ्यायचे.

तू एकटी गेलीस तर वाघाची भीती. सुखरूप परतलीस तर गाव पुन्हा पगडी चढवेल. नाही गेलीस तर बकाराम. म्हणून सांगते, देवरीहून बस धर आणि इकडे ये. हट्टात आजोबांवर गेलीस, पळण्यात तरी माझ्यावर जा.

आशीर्वाद आहेतच, ते घ्यायला समोर ये.
तुझी,
आत्या

जमुनटोला
२७ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंस शि. सा. न. वि. वि.

मी आले नाही, रागावू नका. शिवेवर बकारामच्या हातून पेंडी घेतली. सगळ्यांना म्हटलं, गादीच्या माणसासोबत चालायचं नाही ही रीत होती. आता गादीच नाही, तर ज्याच्या हाती विळा त्यानं सोबत यावं. कोणी हललं नाही. मी पाऊल टाकलं. खरं सांगते, रडू फुटत होतं. तेवढ्यात मागे बांगड्या वाजल्या. बकारामला दटावून खाली बसवून देवकाबाई निघाली होती. मग रूपलाल, मग बाया, मग सगळेच.

नाल्याच्या चिखलात वाघाची पावलं होती, त्यांत अजून पाणी झिरपत होतं. पेंडी वाहून वळलो, तर आमच्या येतानाच्या पावलांवर त्याची पावलं उमटलेली. तो आमच्या मागून चालत आला होता.

आता सगळ्यांनाच पुढे व्हायचं होतं, मागे कोणालाच राहायचं नव्हतं. म्हणून मी मागे राहिले. देवकाबाई उलटी फिरली, दंड धरून मला घोळक्यात ओढलं आणि म्हणाली, मोठी राजकुवर लागून गेली, मधात चाल मुकाट्यानं!

शिवेपर्यंत तिनं हात सोडला नाही. वाघ अजून आसपासच आहे. आम्ही घोळक्यानं धान कापतोय. दंडावर तिच्या बोटांचे वळ आहेत.

काळजी करा, पण जीव लावणं थांबवू नका.
तुमची,
योगेश्वरी