भोवत्याचं दप्तर

बोरी, ता. जिंतूर
रविवार, १६ मार्च २०२५

चि. माधवीस,
पप्पांचा सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं इथे ठीक आहोत. हैदराबादला तुझं जेवणखाण वेळेवर होत असेल असं आम्ही धरून चालतो. विचारलं की तू "हो" म्हणतेस, आणि फोन ठेवल्यावर तुझी आई माझ्याकडे बघून मान हलवते.

पत्र बघून दचकू नकोस. घरात कुणी आजारी नाही. फोन केला की तुझी आई तो स्पीकरवर टाकून मध्ये ठेवते आणि मग आपण तिघंही हवापाण्याचं बोलतो. मला जे सांगायचंय ते तसं मध्ये ठेवून सांगता येणार नाही. शिवाय अवघड काही कानावर आलं की तू "ठीक आहे" म्हणून फोन ठेवतेस. पत्राला तसं करता येत नाही, ते शेवटपर्यंत वाचावंच लागतं.

आधी गावची खबर. ज्वारी काढून झाली, कडबा रचून झाला. ऊन आत्ताच डोक्यात जायला लागलंय. माझ्या संशोधनाचं म्हणशील तर तिसरं प्रकरण परत आलं. निवृत्त झाल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं म्हणून तू हसली होतीस, आता आमचे मार्गदर्शकही हसत असावेत. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि मला "वाव्हळे सर" म्हणतात, त्यामुळे रागावता येत नाही. खेड्यातली मुलं अकरावीला हिशेबशास्त्राला का घाबरतात, हा माझा विषय. पस्तीस वर्षं तेच शिकवलं, तेव्हा उत्तर मला पाठ आहे असं मी समजत होतो. त्यांनी समासात लिहिलंय, "निष्कर्ष आधी ठरवून मग माहिती गोळा केल्यासारखी वाटते." दोन दिवस मी गुरगुरत होतो. आता मला ते पटलंय, पण वेगळ्या कारणाने.

माळावरचे तुझे भोवते, थंडीपुरते येणारे ते शिकारी पक्षी, अजून आहेत. संध्याकाळी गवतावर हलकेच घिरट्या घालून उतरतात. पण कमी झालेत. परतीला लागले असतील.

मुंजाजी मात्र माळाकडे फिरकत नाही. हे तुला फोनवर कुणी सांगितलं नसेल. जानेवारीत तू आणि तुमच्या उपग्रहाच्या प्रयोगशाळेतला धम्मानंद आलात, तेव्हा पाखरं मुक्कामाला कुठे उतरतात ते पारधी वस्तीवरच्या याच मुंजाजीने दाखवलं. जाळीही त्यानेच लावून दिली. तुम्ही भोवत्याच्या पाठीवर जागा कळवणारं यंत्र बांधलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्याला झाला होता. आल्यागेल्याला सांगायचा, "आमच्या पाखराच्या पाठीवर दप्तर हाय. त्ये आता साळंला रशियाला जानार."

दप्तर हा शब्द त्याचाच. पुढे सगळं गाव तोच वापरायला लागलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला ते यंत्र गप्प झालं. तुझ्या नकाशावरचा शेवटचा ठिपका वस्तीमागच्या नाल्याजवळ होता. पाखराची जागा कुणाला माहीत होती, असं वनरक्षकाने तुला विचारलं आणि तू मुंजाजीचं नाव सांगितलंस. मी तुला दोष देत नाही. तू खरं तेच सांगितलंस. तुझी चार वर्षांची मेहनत, धम्मानंदचं पहिलंच यंत्र, आणि ते पाखरू वाटेला लागायच्या आधीच संपर्क तुटला. त्या दिवशी फोनवर तू रडलीस ते मी विसरलेलो नाही.

पण तू एक नाव सांगितलंस आणि गावाने निकाल लावला. मी मुलांना शिकवायचो ते तुला ठाऊक आहे. तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज, जुळली नाही की आळशी विद्यार्थी फरक उचलून उचंत खात्यात टाकतो. ज्याचा पत्ता लागत नाही ते सगळं तात्पुरतं तिथे ढकलायचं आणि पान उलटायचं. मुंजाजी आपल्या गावाचं उचंत खातं आहे. कुणाची कोंबडी गेली, कुणाची विहिरीवरची मोटार गेली, घाला त्याच्या नावावर. त्याच्या आज्याने तितर धरले म्हणून भोवत्याही त्यानेच मारला असणार, यंत्रही त्यानेच विकलं असणार. निष्कर्ष आधी ठरलेला. आमच्या मार्गदर्शकांनी समासात लिहिलं ते गावाच्या समासातही लिहिता आलं असतं. गंमत म्हणजे मीसुद्धा पंधरा दिवस तेच मानून बसलो होतो. कट्ट्यावर कुणी म्हणालं, "सर, तुमच्या पोरीचं नुकसान केलं बघा त्यानं," की मी गप्प मान डोलवायचो.

गुरुवारी मुंजाजीची बायको, चतुराबाई, आपल्याकडे आली. आत ये म्हटलं तरी आली नाही, ओट्याच्या पायरीवर बसली. तुझ्या आईला म्हणाली, "वैनी, तुमच्या पोरीला येवढं सांगा, त्यानं घेतलं न्हाई. गावातल्या मानसांनी आमच्या घरातलं पीठ सुदिक उपसून बघितलं. आता सोमवारी जंगलवाल्यांनी तालुक्याला बोलवलंय. त्यो दोन दिसांपून जेवायला न्हाई."

तुझ्या आईने चहा ठेवला. चतुराबाईने तो घेतला नाही, घेऊ शकली नाही म्हण. ती गेल्यावर तुझी आई बराच वेळ चुलीपुढे बसून होती, विस्तव विझला तरी.

आता मुद्द्यावर येतो. किती वेळ टाळणार?

माधवी, ते दप्तर मी कापलं.

मी शेतात चक्कर मारायला गेलो होतो. नाल्याच्या अलीकडे, आपल्या बांधाला, पाखरू बसलेलं दिसलं. उडत नव्हतं. त्याचा पट्टा सरकून पंखाखाली रुतला होता आणि तिथली कातडी सोलून निघाली होती. मला वाईट वाटलं, म्हणून मी त्याला धरलं, घरी आणलं आणि पट्टा कापला. यंत्र कोठीत ठेवलं. तुला सांगायचा धीर झाला नाही, आणि मग दिवस गेले. मुंजाजीचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. उद्या सकाळी मी स्वतः तालुक्याला जाऊन तसं लिहून देणार आहे. जी काही शिक्षा असेल ती या वयात सोसायला मी

*

इथपर्यंत लिहिलं होतं, तेवढ्यात तुझी आई मागे येऊन उभी राहिली. "काय लिवायलात मगापासून?" म्हणाली. पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचं कळवतोय असं मी सांगितलं. ती म्हणाली, "हयातीला चार पानं लागत्यात व्हय? वाचून दाखवा."

दाखवावं लागलं. तुला तुझी आई माहीत आहे.

तुझ्या रडण्याचं आलं तिथे तिने पदर तोंडाला लावला. चतुराबाईचं आलं तेव्हा खाली बघत राहिली. आणि "मी कापलं" या वाक्याला म्हणाली, "लबाड लिवू नका."

मी म्हटलं, कुणी कापलं याने काय फरक पडतो, मुंजाजी सुटल्याशी कारण.

"तुमी कवा शेतात गेलते? तुमाला घरातली कोंबडी धरता येत न्हाई. पोरगी येडी हाय का इस्वास ठेवायला?" मग जरा थांबून म्हणाली, "मुंजाजीवर नाहक आलं म्हून तुमाला राग आला, आन आता तुमी ते नाहक सवतावर घ्यायलात. रोज सकाळी मुसावादा म्हनता ना बाबासायबाच्या फोटोपुढं? का माझ्यापुढं म्हनायचं आन पोरीला लबाड लिवायचं?"

पंचशीलातली ती खोटं न बोलण्याची शपथ रोज मीच मोठ्याने म्हणतो. पान फाडायला निघालो तर तिने तेही करू दिलं नाही. आणि ते बरोबरच आहे. वहीतली चूक खोडायची नसते, खाडाखोड दिसली की सगळ्या वहीवरचा विश्वास जातो. चूक तशीच ठेवायची आणि खाली दुरुस्तीची नोंद करायची. हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. तेव्हा वरचं आहे तसं राहू दे. ही दुरुस्ती वाच.

पाखरू आईला सापडलं. ती आपल्या त्याच बांधाला गवताला गेली होती. पट्टा रुतलेला होता, जखम होती, हे वर लिहिलं ते खरं आहे. ते तिने मला गुरुवारी, चतुराबाई गेल्यावर, सांगितलं. तोवर मला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही यंत्र बांधत होतात तेव्हा तिने धम्मानंदला विचारलं होतं, घट्ट तर व्हनार न्हाई ना? त्याने पट्ट्याखाली बोट घालून दाखवलं होतं आणि तिचं समाधान झालं होतं. मग तो सरकला कसा, ते तिला सांगता येत नाही आणि मलाही. दोष काढायला हे लिहीत नाही.

तिने पाखराला पदरात गुंडाळून घरी आणलं. विळीवर पट्टा कापला. आणि मग तिला जे येत होतं ते केलं. तिचं सगळं लहानपण सोनपेठकडच्या ऊसतोडीच्या टोळीत गेलं, तुझ्या आश्रुबा आजोबांच्या गाडीबरोबर. जू घासून बैलाचा खांदा सुजला की तो मळायचं काम पोरींकडे असायचं. पुढे आपण पोळ्याची पूजाअर्चा सोडली, पण आदल्या दिवशीची खांदमळणी तिने आपल्या घरात बैल होते तोवर कधी चुकवली नाही. पाखराची जखम पाहून तिला तेच आठवलं. तिने तेलात हळद कालवून कोमट केली आणि जखमेवर, पंखाखाली, पाठीवर, जिथे जिथे पट्टा होता तिथे चोळली. म्हणाली, "गुमान बसलं होतं. त्याला बरं वाटायलंय, असं वाटलं मला."

कोंबड्यांच्या डालीखाली झाकून ठेवलं. नाकतोडे धरून घातले, त्यातला एक त्याने खाल्ला. सकाळी बांधावर नेऊन सोडलं तर उडेना. पिसं तेलाने एकमेकांना चिकटली होती. चार पावलं चालायचं, पंख उघडायचं आणि बसायचं. तिने साबणाच्या पाण्याने पिसं धुतली, उन्हात धरून बसली. मी त्या दिवशी माझं तिसरं प्रकरण घेऊन परभणीला गेलो होतो. दुपारनंतर ते तिच्या हातात गेलं. नाल्याकाठच्या बाभळीखाली तिने त्याला पुरलंय. वर दगड ठेवलाय, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

दप्तर तिने धुऊन, फडक्यात बांधून ज्वारीच्या कोठीत ठेवलं. "पोरीची वस्तू, ती आली की देईन," एवढाच विचार. अंधारात ते बंद पडतं, त्याला ऊन लागतं, हे तिला कुठून कळणार? मग तुझा रडत फोन आला आणि तिचे ओठ शिवले गेले. तुला वाईट वाटेल याचं भय होतंच. पण खरं भय तिने मला काल सांगितलं, "पोरगी इथं येते ती त्या पाखरासाठी. पाखरू मी मारलं म्हनल्यावर ती कशाला येईल?"

याचं उत्तर मी देऊन चालणार नाही. हे तू सांग.

सोमवार, सकाळ

पत्र काल पुरं झालं नाही, कारण तिने मला उठवून वस्तीवर नेलं. मुंजाजी बाजेवर बसला होता. तुझी आई उभ्यानेच सगळं बोलली, एकही शब्द गाळला नाही. मी मध्ये तोंड घालायला गेलो तर हाताने थांबवलं. मुंजाजीने सगळं ऐकून घेतलं. रागावेल असं मला वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "वैनी, मला हाक मारायची व्हती. मी होतो की पल्याड." चतुराबाईने पाणी आणून दिलं. ते तुझी आई उभ्यानेच प्यायली आणि मग खाली बसली.

आज आम्ही चौघं पहिल्या गाडीने तालुक्याला निघालोय. तुझी आई चांगलं लुगडं नेसलीय, पिशवीत फडक्यात बांधलेलं दप्तर आहे. संरक्षित पाखरू आहे, काय कलम लागेल ते मला माहीत नाही, विचारायची हिंमतही केली नाही. जबाब ती स्वतः देणार आहे. सही तिला येते. काल दुपारभर माझ्या प्रकरणाच्या कोऱ्या बाजूवर "नर्मदाबाई भारत वाव्हळे" गिरवत होती. तू वनरक्षकाला तेवढा एक फोन कर. आईला सोडा म्हणून नव्हे. मुंजाजीचं नाव तू सांगितलं होतंस, ते तुझ्या तोंडून परत गेलं पाहिजे. आणि जमलं तर एक फोन त्यालाही.

पाकिटाला डिंक लावत होतो तर आई म्हणाली, थांबा, माझं एक लिवा. ती म्हणते तसंच लिहितो:

"पिंकी, ते पाखरू पट्ट्यानं मेलं का माझ्या तेलानं, ते तुला कळंल. बाभळीखाली हाय, उकरून बघ. शिकलीस कशाला मग? जे आसंल ते मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हून सांगू नको."

गाडी आली. तिने खिडकीची जागा धरलीय आणि मला हाका मारतेय.

तुझे पप्पा,
आणि ज्वारीची कोठी रिकामी करून तुझी वाट बघणारी
तुझी आई