जांभळ्या शाईचा वाचक

२५ जुलै १९७३, बुधवार. दुपार.
मनुष्यजातीवर आजवर जे जे अन्याय झाले, त्यांत एकाची भर घालतो: कुही गावचे गोपाळराव पोस्टकार्ड जांभळ्या शाईने लिहितात. पावसाळी हवेत ती शाई वाळत नाही. कार्ड वाचून होईपर्यंत माझी तीन बोटं आणि कोटाची बाही जांभळी. त्याच बोटांनी वरणभात कालवला. शामला म्हणाली, "बालवाडीत जाऊन राहिले का तुम्ही?" संशोधकाने घरात फार बोलू नये.

कार्डाचा विषय: माझ्या 'भ्रमनिरास' ह्या रविवारच्या सदरातली चूक. आपल्या नागपूरचा झिरो माइलचा खांब म्हणजे देशाचा बरोबर मध्य, हा लोकभ्रम मी परवा मोडून काढला. शाळेच्या ॲटलासवर स्वतः दोरा धरून पाहिला. मध्य कन्हानच्या पात्रात येतो. गोपाळराव लिहितात, "महाराज, गोल पृथ्वीच्या सपाट नकाशावर दोरा ठेवून मध्य निघता, तर मोजणीवाल्यांनी उन्हातान्हात पायपीट काहून केली असती?" निवृत्त मास्तर. उद्योग नाही. खाली बारीक अक्षरात, दमा वाढला आहे, तरी दर रविवारी पेपरासाठी मोटर स्टँडवर जातो, वगैरे. असंबद्ध.

२८ जुलै.
संपादकांनी बोलावलं. सदर कुणी वाचतं का, असं विचारलं. म्हणालो, पत्रांचा ढीग आहे. म्हणाले, आणा. ऑगस्टअखेर दहा वेगवेगळ्या वाचकांची पत्रं टेबलावर, नाहीतर त्या जागी राशिभविष्य.
मंद हसलो. घरी येऊन ढीग काढला. एकोणीस कार्डं. सगळी जांभळी.

३० जुलै.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून लेखन. वाचक खडबडून जागा झाला पाहिजे.

३१ जुलै.
साडेसातला उठलो. वाचकही एवढ्यातच उठत असावा.

५ ऑगस्ट, रविवार.
आजचा लेख खणखणीत. उपवासाचे पदार्थ ऋषिमुनींपासून चालत आले, हा भ्रम. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही समुद्रापलीकडून आलेले. एकाही स्मृतीत बटाटा नाही. शेवटच्या परिच्छेदात गोपाळरावांचा कायमचा बंदोबस्त: "कुहीच्या एका अर्धवट विद्वानाने आता पोस्टखात्याला विश्रांती द्यावी आणि आपल्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा." दोनदा वाचलं. पाठशाळेतल्या गुरुजींनी मान डोलावली असती. शामलेलाही मोठ्याने वाचून दाखवलं.

६ ऑगस्ट, श्रावण सोमवार.
वाचून दाखवलं ही चूक. फराळाला माझ्या पानात बिनमिरचीची भगर आणि वाटीभर दूध. तिच्या पानात साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट. म्हणाली, "तुम्ही स्मृतीतलं खा. मले समुद्रापलीकडचं चालते." संध्याकाळपर्यंत सत्याची बाजू सोडली नाही. संध्याकाळी तिची पाठ वळल्यावर थोडी खिचडी घेतली. प्रयोग म्हणून.

९ ऑगस्ट.
कुहीचं कार्ड नाही. विजय.

१६ ऑगस्ट.
ह्याही आठवड्यात नाही. शत्रू पार खचला. बोटं स्वच्छ.
इतर टपाल: रेडिओचं लायसन्स संपल्याची नोटीस. मायना 'श्रीयुत' असा आदरयुक्त असल्यामुळे वाचकांच्या पत्रांत धरली. आता आठ कमी.

१९ ऑगस्ट, रविवार.
ब्रह्मास्त्र सोडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जिचा पुतळा मिरवतात ती काळी मारबत म्हणजे इंग्रजांना फितूर झालेली भोसल्यांकडची राणी, असं इतवारीतलं पोर न् पोर सांगतं. मी जाहीर प्रश्न टाकला: कागद दाखवा. कुणी पाहिलाय का?
इतवारी पेटणार. खिडक्या लावून बसलो. फार उकडलं. शेवटी शामलेने उघडल्या.

२२ ऑगस्ट. घाईत.
पेटली! इतवारीतला भांड्यांचा व्यापारी शालिकराम मी नसताना घरी येऊन गेला. मारबतीच्या मागे जे बडगे निघतात, त्यातला एक दरसाल त्याच्या गल्लीचा असतो. बडग्या म्हणजे काय हे नागपुरात सांगायला नको. पण ही रोजनिशी पुढेमागे पुण्याच्या एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडेल म्हणून नोंदवतो: ज्याचा शहराला जाच, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करून, मिरवून, गावाबाहेर जाळतात.
तर शालिकराम म्हणाला, "वैनी, पंडितजीचा जुना कोट आन् छत्री द्या न. बडग्याले पाह्यजे. फाटका असन तं अजूनच बेस." आणि हिने दिला! वर मला हसत हसत सांगते.
म्हणजे माझा बडग्या. वरवर संतापलो. मनात म्हटलं, ह्या गावात किती लेखकांना हा मान मिळाला? संपादकांना फोन करून फोटोग्राफर मागवला. विषय गुप्त ठेवला. आरशासमोर क्षमाशील चेहऱ्याचा सराव.

२८ ऑगस्ट, मारबतीचा दिवस.
पहाटे पाचला उठलो. प्रथमच. इतवारीत एका सराफाच्या ओट्यावर फोटोग्राफरसह उभा राहिलो, क्षमाशील. पिवळी मारबत गेली, काळी गेली. "खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत" असा एकच गजर. मग शालिकरामच्या गल्लीचा बडग्या आला. कोट माझा. बाहीवर जांभळा डाग, म्हणजे शंका नको. छत्री माझी. गळ्यात पाटी: 'महागाई'.
शालिकरामला गाठून विचारलं, माझा लेख? तो म्हणाला, "कोणता लेख गा, पंडितजी?" मी म्हटलं, मला वाटलं माझा बडग्या आहे. तो इतका हसला की ढोलवाला थांबला. म्हणाला, "तुमचा काहून करू? तुमचा कोणाले का तरास आहे?"
फोटो चांगला आला म्हणतात. मी त्यात नाही.

३१ ऑगस्ट. संध्याकाळ.
एकोणीस कार्डं आणि रेडिओची नोटीस संपादकांच्या टेबलावर ठेवली. वाटलं होतं, वरवर चाळतील. एकेक कार्ड वाचत बसले. मधूनमधून हसत होते. माझ्या लेखांना ते कधी हसल्याचं आठवत नाही. शेवटी म्हणाले, हा गृहस्थ फार बरा लिहितो. राशिभविष्य राहू द्या, ह्यांनाच सदर देऊ. सध्या काही पत्र आहे का त्यांचं?
म्हणालो, नाही. मी त्यांना अर्धवट विद्वान छापलं त्या दिवसापासून नाही.
कार्डं गोळा केली, जांभळी बोटं घेऊन घरी आलो. धुतली नाहीत.
सदर गेलं, त्याचं फार वाटत नाही, जायचंच होतं. रुसले असतील तर तेही बरोबर आहे. पण दमा वाढलाय असं त्यांनी लिहिलं होतं, आणि दर रविवारी ते माझ्यासाठी मोटर स्टँडपर्यंत चालत जात होते. चार रविवार झाले. उद्या कुहीची पहिली मोटर सहाला आहे, विचारून आलो. गोपाळराव बरे असावेत, दुसरं काही नको. मला भीती वाटते.