निळा कॅन आणि विजेची गाडी

लातूर,
गुरुवार, दुपार

प्रिय मंजू,

वीरेशच्या हातात माझं पत्र बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घरात सगळे ठणठणीत आहेत. रोज फोनवर बोलणारी आई एकदम पत्र का लिहायला बसली, तेही सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीनं, शेवटी. भावाला चहा दे आणि हे वाचायला मात्र देऊ नकोस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मोठी बातमी म्हणजे दारात नवी गाडी उभी आहे. परवा शनिवारी, नवरात्राची गर्दी व्हायच्या आत, आम्ही दोघं तिनं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघतोय. गाडी इलेक्ट्रिक आहे. हो, तुझ्या अप्पांनीच घेतली. डाळ मिल चालवताना जन्मभर लाइट जाण्याचा धसका घेतलेल्या माणसानं लाइटवर चालणारी गाडी आणली, यावर आपल्या गल्लीचा अजून विश्वास बसलेला नाही. शेजारच्या गौरम्मा तर रोज संध्याकाळी येऊन ती खरंच चार्ज होतेय का, ते बघून जातात.

याची सुरुवात श्रावणात तू केलेल्या त्या फोनपासून झाली. "आई, आता दवाखाने बास झाले. आम्ही दोघं आहोत तसे खुशीत आहोत," असं तू म्हणालीस. तुझा आवाज इतका मोकळा होता की मलाच हलकं वाटलं. फोन स्पीकरवर होता आणि अप्पा समोर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्या मनात मात्र भलताच विचार आला. आपल्या घरची रीत तुला माहीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. मी ती रीत तुझ्या लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तुझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या भजी खाऊन मोडली, ते आपल्या दोघींतच राहू दे. अप्पांनी मात्र सात वर्षं पाळली. तो निळा पाच लिटरचा कॅन लातूरहून भरून न्यायचा, तुझ्या अंगणात खुर्ची टाकून माझ्या हातच्या दशम्या खायच्या, कॅनमधलंच पाणी प्यायचं, आणि सोमेशरावांनी कितीही आग्रह केला तरी पोट भरलंय म्हणायचं. बिचारे जावई, सासऱ्याला साधा चहा पाजायची त्यांची हौस राहूनच गेली. तू आत जाऊन डोळे पुसायचीस आणि हसत बाहेर यायचीस, हे मला दिसत होतं. आता हा माणूस लेकीच्या हातचं पाणी न पिताच म्हातारा होणार की काय, या विचारानं मला राग आला. रडू नाही आलं, रागच आला.

आठ दिवसांनी अप्पा आपण होऊन म्हणाले, माहूरला जाऊ आणि नवी गाडी घेऊन जाऊ. मी कान टवकारले. माहूरचा रस्ता नांदेडवरून जातो, म्हणजे तुझ्या दारावरून. मग सुरू झाली गाडीची चर्चा. बाई गं, तुझं लग्न जमवताना एवढी चर्चा झाली नव्हती! वीरेशनं मोबाइलवर सगळे प्रकार दाखवले. एक हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्ही, टाकी भरली की माहूर करून परत लातूर, मधे थांबायचं काम नाही. दुसरी अशी की चाकं बॅटरीवरच फिरतात, पण बॅटरी उतरली की आतलं छोटं इंजिन तिला चार्ज करतं, आपण मिलला लाइट गेल्यावर जनरेटर लावतो ना, तसं. ही अप्पांना जाम आवडली. "हीच गाडी पायजे. लाइटबी हाय अन् जनरेटरबी हाय!" पण तसली आपल्याकडच्या शोरूममध्ये काही मिळेना. मी म्हटलं, ती येईपर्यंत आपण काठी टेकत गड चढू. तर म्हणाले, मग हायब्रिड.

मला हायब्रिड नको होती. जी गाडी कुठंच थांबत नाही ती तुझ्या दारात तरी कशाला थांबेल? नांदेडच्या बाहेरून बाहेरून पुढं. मला गरजेपोटी थांबणारी गाडी हवी होती. इलेक्ट्रिकचं गणित वीरेशनं मांडलं होतं, एसी आणि माहूरचा घाट धरला तर नांदेडला चार्ज केल्याशिवाय पुढं जायचा धीर करू नका. बस्स, मला तेवढंच पुरलं. मग मी धूर, प्रदूषण, मिलच्या छतावरचं सोलर, काय काय बोलले मलाच आठवत नाही. रेणापूरपर्यंत गाडी चालवून बघायला गेलो तर वाटेत एक म्हैस रस्त्यात बसलेली. गाडीला आवाजच नाही, त्यामुळं तिला आम्ही आल्याचा पत्ताच नाही. रवंथ चालू. अप्पा म्हणाले, "ही गाडी हाय का पंखा?" पण हसले, आणि परत येताना हौसेनं स्वतः चालवली. त्याच आठवड्यात गाडी घेतली. मी जिंकल्यासारखी चार दिवस मिरवत होते.

पाचव्या दिवशी अप्पांनी रस्त्याचा बेत सांगितला. चाकूर, अहमदपूर, लोहा आणि नांदेडच्या अलीकडं एका हॉटेलजवळचा मोठा चार्जर. गाडी तिथं लावायची, झाडाखाली दशम्या खायच्या, की पुढं. माझं तोंड एवढंसं झालं. त्या रात्री मी भाकरीबरोबर नुसता ठेचा वाढला. त्यांनी तोही नाक पुसत मुकाट्यानं खाल्ला.

आणि परवा काय झालं ऐक. दुपारी मी पडले होते, अप्पा ओसरीवर फोनवर बोलत होते. सोमेशरावांशी! "तुमच्या गेटपाशी पंधरा अँपियरचा पॉइंट बसतोय का बघा की. अर्थिंग चांगलं पायजे. रातभर हळूहळू चार्ज केलं तर बॅटरीला बरं असतंय म्हणत्यात." मी डोळे मिटूनच पडून राहिले. मुक्काम करणार म्हणजे! पण मुक्काम तर दोनदा आधीही झालाय, कॅनसकट. म्हणून मी फार आशा धरली नाही.

आज सकाळी त्यांनी सामान गाडीत ठेवून बघितलं. पिशव्या, छत्र्या, देवीची ओटी. मी सवयीनं धुतलेला निळा कॅन नेऊन डिकीत ठेवला. त्यांनी तो उचलला आणि परत ओट्यावर आणून ठेवला. म्हणाले, "हे फजूल वजन कशाला? वजनानं रेंज कमी होती." मंजू, हे म्हणून माणूस मिलवर गेला आणि तुझ्यासाठी पंचवीस किलो तूरडाळीचं पोतं आणून त्याच डिकीत टाकलं. माझ्याकडं बघितलं नाही. दशम्या किती करशील, असंही विचारलं नाही. मी पदर तोंडाला लावून आत पळाले, हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. आता तर मला शंका येते की रेणापूरला त्यांना मी पटवलं, की ते आधीच पटलेले होते?

पत्र एवढ्याचसाठी. फोन केला असता तर तो स्पीकरवर असता, तू आनंदानं ओरडली असतीस, आणि अप्पांनी लाजून तो कॅन पुन्हा भरला असता. म्हणून अगदी गप्प राहा. रीत, मूल, सात वर्षं, एक अक्षर काढू नकोस. सोमेशरावांनाही सांग, आग्रह करायचा नाही. शनिवारी संध्याकाळी गाडी पॉइंटला लागली की रोजच्यासारखा पाण्याचा तांब्या बाहेर आण आणि अप्पांच्या हातात दे. माझ्याकडं बघू नकोस, मी रडत असेन. मग त्यांच्यासाठी आत पाट मांड आणि त्यांनीच आणलेल्या डाळीचं वरण कर. लसूण सढळ घाल, त्यांना आवडतो, तुला सात वर्षांत सांगायची वेळच आली नाही.

तुझीच, या वेळी रिकाम्या हातानं आणि भुकेली येणारी,
आई