बिनतेलाची शेवभाजी

इंदिरानगर, नाशिक
सोमवार, दुपार

चि. सोमनाथ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तू, योगिनी आणि आरोही खुशाल असाल असं मी धरून चालते, कारण तसं नसतं तर तू फोन केला असतास. खुशाल असलास की करत नाहीस. तुझ्या पोटाचा घेर कसा आहे? (दिवाळीत मी तो नजरेने मोजला होता. शर्टाचं खालचं बटण फार कष्टात होतं.) आरोहीला म्हणावं, जेवताना मोबाइल पालथा ठेवत जा. योगिनीला आशीर्वाद, आणि तिला विचार, फोडणीत तेलाची धार सोडताना ती अजून खिडकीबाहेरच बघत असते का. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या दाजींची साखर काठावर आहे आणि मी त्या काठावर पहारा देत उभी आहे.

हातात फोन असताना ताईने कागद का घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणत फोन ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवून देतोस, हे मला ठाऊक आहे. मागच्या वेळी मी मैद्यावर बोलत होते आणि पलीकडून मला फक्त फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता. मेसेज पाठवला तर तू जोडलेले हात पाठवतोस. म्हणून हे पत्र. आपल्या गावचा भिका उद्या भाजीचा टेम्पो घेऊन कॉलनीत येईल, त्याच्याजवळ देते. त्याने ते मेथीच्या जुड्यांत ठेवलं तर ओलं होईल, तेव्हा वाळवून वाच, पण पूर्ण वाच. पूर्ण म्हणजे माझ्या सहीच्या खालचंसुद्धा.

आमच्या महिला मंडळाचं रविवारचं अन्नदान तुला माहीत आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर, पेठ-सुरगाण्याकडून, सटाण्याकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक झाडाखाली सतरंज्या टाकून राहतात. एक जण आत खाटेवर, आणि घरचे तिघे-चौघे बाहेर. त्यांना आम्ही दर रविवारी जेवण देतो. प्रत्येक रविवार एका घराने घ्यायचा असतो, कुणाच्या वाढदिवसाचा, कुणाच्या वर्षश्राद्धाचा. पातेल्याशेजारी पाटी ठेवून तिच्यावर त्या माणसाचं नाव लिहितात, त्याच्या आवडीचा एक तरी पदार्थ करतात, आणि ज्याच्या घरचं अन्नदान असेल त्याने पहिलं ताट स्वतः जेवायचं, म्हणजे आपण काय वाढतोय ते कळतं. आधीच्या प्रमुखबाई वर्षानुवर्षं मसालेभात आणि जिलबी देत आल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि प्रमुखपद माझ्याकडे आलं. (नवीन प्रमुख कोण, असं विचारलं तेव्हा मी उभी होते. मी पंखा बंद करायला उठले होते, पण बैठकीच्या वृत्तान्तात तसं लिहिलेलं नाही.)

मी गृहविज्ञानाची पदवीधर आहे, हे तू विसरला असशील. आपल्या आईने त्या पदवीवर 'एवढं शिकून शेवटी स्वयंपाकच ना' एवढंच मत दिलं होतं. पण शिकलेलं वाया जात नाही. आपल्या शहरातल्या दानाचा मी बराच अभ्यास केला आहे. लोक साड्या देतात त्या रंग गेलेल्या, पुस्तकं देतात ती अभ्यासक्रम बदललेली, आणि ज्यांना डॉक्टरांनी तूप बंद केलंय ते लोक डावाने दुसऱ्याच्या ताटात तूप वाढून पुण्य घेतात. त्यातून आपलं फाटक दवाखान्याचं. जिलबीने माणसाचं काय होतं ते आत खाटेवर पडलेलं, आणि बाहेर आम्ही त्याच्या भावाला जिलबी वाढतोय. मी ठरवलं, दान करायचं तर पौष्टिक करायचं.

पहिल्या रविवारी नाचणीची आंबील केली. पीठ गंगापूर रोडच्या त्या काचेच्या दुकानातून आणलं, जिथे धान्य कागदी पिशवीत मिळतं आणि पिशवीवर डोंगराचं चित्र असतं. रांगेत पहिल्या होत्या धोंडाबाई, पेठकडच्या, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या. त्यांनी पेल्यात बघितलं, वास घेतला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं आंबली जास्त.

"बाय, ही तर नागली," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, आवडत नाही का.

"आवडती ना. रोज आवडती. म्हणून म्हटलं, शहरात आलोय तर आज जरा भात मिळंल."

मी त्यांना नाचणीतल्या कॅल्शियमबद्दल सांगितलं. त्यांनी ते इतक्या शांतपणे ऐकून घेतलं की मला तुझी आठवण झाली, फरक इतकाच की त्या खरोखर ऐकत होत्या. मग त्यांनी पिशवी बघायला मागितली, डोंगराच्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि हा आमच्याकडचा डोंगर नाही, असं सांगितलं. जाताना दोन पेले घेतले. मला बरं वाटलं. नंतर मंडळातल्या बायकांनी सांगितलं की, 'बाईनं एवढी मेहनत केली, राहिलं तर वाईट दिसंल,' असं धोंडाबाई मागच्या माणसाला सांगत होत्या. तर सोमनाथ, ज्यांच्या शेतात नागली पिकते त्यांना ती शहरातून विकत आणून वाढणारी नाशिकमधली पहिली बाई बहुधा तुझी ताई असावी. हे गावात कुठे बोलू नकोस.

पुढच्या रविवारी मी मोड आलेली मटकी (फोडणीशिवाय), काकडी आणि दुधीची थालीपिठं (कोरड्या तव्यावर) असा बेत केला. लोकांनी घेतलं. नाही म्हणायची रीत आपल्याकडे नाही, अन्न कपाळाला लावूनच घेतात. पण कपाळाला लावल्यानंतर ते तोंडापर्यंत पोचायला फार वेळ लागत होता. त्याच दिवशी रस्त्याच्या पलीकडे दुसऱ्या एका मंडळाने टेबल मांडलं. त्यांच्याकडे मसालेभात होता आणि, तू ओळखलंसच, जिलबी. आमच्या रांगेला हळूहळू बाक आला आणि बघता बघता तिचं शेपूट रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. मी कमरेवर हात ठेवून त्या शेपटाकडे बघत होते, तर त्यात एक ओळखीची टोपी दिसली. तुझे दाजी. हातात द्रोण, द्रोणात जिलबी, आणि चेहऱ्यावर देवळात असतो तसा भाव. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी जिलबी गिळली आणि म्हणाले, "पाहणी करत होतो." मंडळाच्या बाजूने, म्हणे, पलीकडच्यांच्या दर्जाची पाहणी. त्यानंतर आठवडाभर घरात मी त्यांना तीन वेळा कारल्याचा रस दिला आणि एकदाही कारण सांगितलं नाही.

इथपर्यंत तू हसत असशील. हस. आता पुढचं वाच.

येत्या रविवारचं अन्नदान आमच्या शेजारच्या सावळीरामभाऊंचं आहे. सुलाबाईंना जाऊन वर्ष झालं. सावळीरामभाऊ तुला आठवत असतील, कारकुनीतून निवृत्त झालेले, बोलायला सांगितलं तरी न बोलणारे. सुलाबाई त्यांच्या वाटचं बोलायच्या. त्यांची शेवभाजी मात्र तू विसरणं शक्य नाही. आरोहीच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी योगिनी महिनाभर माझ्याकडे राहिली होती आणि रोज दुपारी सुलाबाईंच्या ओट्याशी जाऊन बसायची, ते ह्याच शेवभाजीसाठी. संध्याकाळी घरी आली की तिच्या पदराला काळ्या मसाल्याचा वास यायचा आणि माझा वरण-भात तिला बिचारा वाटायचा. (तसं ती बोलली नाही. वाढून घेताना दिसायचं.) तर सावळीरामभाऊंनी येऊन एवढंच सांगितलं, की हिच्या नावाने शेवभाजी-भाकरी करा.

मी म्हटलं, करू. आणि मी ती सुधारली. शेव तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजली. खोबरं-कांद्याच्या वाटणाऐवजी दुधीचं वाटण घातलं, त्याने दाटपणा येतो आणि कुणाला कळत नाही. (कळतं.) तेल अजिबात नाही, मीठ अर्धं, तिखट वासापुरतं. रविवारी घोटाळा नको म्हणून काल संध्याकाळी मी सावळीरामभाऊंना पहिलं ताट घरीच जेवायला बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. शेव तोवर रश्शात विरघळून तिचं खिमट झालं होतं आणि रंग आला होता साधारण आपल्या जुन्या शाळेच्या भिंतींचा. त्यांनी एक घास ताटाच्या कडेला काढून ठेवला, आणि बाकी सगळं सावकाश, एक कणही न टाकता जेवले. मी मनात म्हटलं, जमलं. हात धुऊन आले, शर्टाच्या बाह्या खाली केल्या आणि म्हणाले,

"वहिनी, या ताटात हिला कुणी ओळखलं नसतं."

रागाने नाही. बस चुकल्यावर माणूस सांगतो तसं. तुझे दाजी वर्तमानपत्रामागे होते. त्यांनी ते आणखी वर धरलं.

मी रात्रभर त्यांना मनातल्या मनात कोलेस्टेरॉल समजावून सांगितलं. सकाळी तेच आले. म्हटलं, आता अन्नदान पलीकडच्या मंडळाकडे देतो म्हणतील, त्याचंही उत्तर मी तयार ठेवलं होतं. तर हे पेरू घेऊन आलेले. म्हणाले, काल मी बोलायला नको होतं, तुम्ही केलंय तेच रविवारी करा, लोकांना पोटभर मिळालं म्हणजे झालं. आणि दारात चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता, "फक्त पाटीवर तिचं नाव नका लिहू."

सोमनाथ, माझ्याशी भांडणारी माणसं मला चालतात. तू लहानपणापासून भांडत आलास आणि एकदाही जिंकला नाहीस. पण पेरू आणून हरणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते गृहविज्ञानात शिकवलेलं नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या बाईचं नाव पाटीवर नसेल आणि त्याला कारण माझा दुधी असेल, तर मी पुन्हा त्या फाटकाशी उभी राहणार नाही. प्रमुखपद तर नाहीच.

याचा अर्थ माझं मत बदललं असा काढू नकोस. तेल वाईटच. पण बिछान्याशेजारी रात्र काढून आलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या एका जेवणाने तुंबत नाहीत, असा मुद्दा मी मंडळाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे, आणि अशा आवाजात मांडणार आहे की इतके दिवस या मुद्द्याला आपणच विरोध करत होतो असं इतर सगळ्यांना वाटेल. काकडी मात्र ठेवणार. काकडीवर तडजोड नाही.

तू रोज बांधाला दोन फेऱ्या मारत जा. पायी. ट्रॅक्टरवर बसून मारलेली फेरी ट्रॅक्टरला लागू पडते.

तुझी,
ताई

ता. क. योगिनीला शनिवारी भिकाच्या टेम्पोने पाठव. सुलाबाईंच्या हाताची शेवभाजी आता तिच्याशिवाय कुणाला येत नाही. येताना तिने घरचा काळा मसाला, सायखेड्याच्या बाजारातली जाड शेव आणि घाण्यावरच्या शेंगदाणा तेलाचा डबा आणावा. मी इथून तेलाचा डबा घेऊन चालत आले तर अख्खी कॉलनी गॅलरीत येईल. फोन न करण्याचं खरं कारणही हेच, तुझ्या दाजींना बंद दारातून 'शेव' एवढा शब्द बरोबर ऐकू येतो.

आणखी एक. मी बोलावलं असं तिने कुणाला सांगू नये. सहज आले, वन्सं नको म्हणत होत्या तरी मी ऐकलं नाही, असं म्हणावं. (ती माझं ऐकत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पटेल.) शनिवारी संध्याकाळी आधी एक वाटी घेऊन तिनेच सावळीरामभाऊंकडे जावं. मी जाणार नाही. ते जेवून काय म्हणतात तेवढं मला येऊन सांगावं. पाटी मी आजच पुसून कोरी ठेवली आहे, खडू माझ्याजवळ आहे.

शेवटचं. रविवारी पातेलं बाहेर काढायच्या आधी योगिनीने एक वाटी शेवभाजी, वरच्या तर्रीसकट, स्टीलच्या डब्यात झाकून धान्याच्या कोठीमागे ठेवावी. तुझ्या दाजींना सांगू नये. मला पाहणी करायची आहे.