डाव्या पायाचे दिवस

६ जानेवारी, सोमवार
बायको आक्काबाईबरोबर चालताना वराळ्याच्या रस्त्यावर आज परत थांबलो. डावी पोटरी अशी आवळते, जणू कुणी आतून पाना लावून पिळतंय. जरा उभं राहिलं की जातं, चाललं की परत हजर. आता नुसतं उभं कसं राहायचं? म्हणून एका नव्या बिल्डिंगचा बोर्ड अख्खा वाचला — जिम, स्विमिंग पूल, सगळं. आतून पोरगी आली, "काका, सॅम्पल फ्लॅट बघायचाय का?" गेलो. सोफ्यावर बसलो, गार पाणी प्यालो. बायकोला किचन पसंत पडलं नाही. "एवढ्याशा ओट्यावर भाकरी कुटं थापायची?" पोरीने तिला माहितीपत्रक दिलं. मला नाही दिलं. बरोबर ओळखलं तिने, घरात कोण ठरवतं ते.

९ जानेवारी, गुरुवार
केरबा आला होता. लोणावळ्याला आम्ही दोघं रेल्वेत पॉइंट्समन होतो, तेव्हापासून त्याला सगळ्यांचे रोग कळतात. "सायटिका हाये तुला. तेल चोळ." चोळलं. पाय तसाच, अंथरुणाला मात्र वास.

११ जानेवारी, शनिवार
लेक आली आणि घोटाळा झाला. अनघाने माझा मोजा काढला. चपलेने सोललेली करंगळी दिवाळीपासून भरली नव्हती, आता काळपट झालीय. मी कुणाला दाखवली नव्हती. थंडीचं निमित्त होतं, मोजे चालून जात होते.
तळेगावला डॉक्टरने बघितलं, पाय हातात घेतला. "थंड आहे. करंगळी काढावी लागेल. कदाचित तेवढ्यावर भागणार नाही." मग म्हणाला, आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरला दाखवा, उशीर करू नका.
घरी आल्यावर आक्काबाई म्हणाली, "करंगळीवाचून काय अडतंय?" आणि जेवलीच नाही.

१४ जानेवारी, मंगळवार
चिंचवडला गेलो. डॉक्टर राजेश्वरी मॅडम, वयाने अनघाएवढ्या. बीपीची पट्टी दंडाला बांधली, मग घोट्याला. पायाचं बीपी असतं हे आजच कळलं. माझं फारच कमी निघालं. मग सोनोग्राफी.
"मांडीतली धमनी बंद झालीय काका. पोटरीला रक्त पुरत नाही, म्हणून चाललं की दुखतं. जखमही त्यामुळेच भरत नाही."
मी म्हटलं, "म्हणजे मेन लाइन ब्लॉक."
हसल्या. "हो. आजूबाजूच्या बारीक सायडिंगमधून गाडी चाललीय. किती दिवस चालणार?"
फाडायचं नाही म्हणाल्या. जांघेतून बारीक तार न्यायची, फुगा फुगवून वाट मोकळी करायची, लागलं तर जाळी बसवायची. "बोट वाचेल?" विचारलं. "पाय वाचवायचा प्रयत्न आहे. बोटाचं नंतर सांगते."
बिडीचं विचारलं. मी म्हटलं, सोडल्यातच जमा. "जमा नको. सोडा."

१५ जानेवारी, बुधवार
सोडली. केरबा बिडी ओढत आला, त्याला घराबाहेर उभं करून बोललो.

२० जानेवारी, सोमवार
अॅडमिट. उद्या करणार. घाटात गाड्या उतरवताना कधी भीती वाटली नाही. आज वाटतेय.

२२ जानेवारी, बुधवार
काल झालं. दुखतो डावा आणि भोक उजव्या जांघेत! मी म्हटलं, मॅडम, पाय चुकतोय. म्हणाल्या, पोटात वळून पलीकडे जायचंय, घाट आहे मध्ये.
भूल तेवढ्या जागेपुरतीच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. औषध सोडलं की पायात गरम चहा ओतल्यासारखं व्हायचं. स्क्रीनवर माझी धमनी काळी, मध्येच तुटलेली. तार त्या तुटक्या जागी अडली. मॅडम बोलायच्या थांबल्या. मी मनातल्या मनात पाय देऊन टाकला. मग त्या हळूच म्हणाल्या, "गेली." फुगा फुगवला, जाळी बसवली. परत बघितलं तर काळी रेघ सरळ खाली घोट्यापर्यंत.
नंतर पाय सरळ ठेवून उताणं पडायचं. नर्सने पावलावर पेनने फुली मारली — इथे नाडी लागते. आक्काबाईने बोट ठेवलं त्या फुलीवर. "लागतीय व्हय," म्हणाली, आणि कितीतरी वेळ बोट उचललंच नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
करंगळी राहिली. काळं टोक गळून खाली गुलाबी आलंय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. बेगडेवाडी स्टेशनपर्यंत न थांबता गेलो. केरबा मागे पडला, म्हणाला, "लेका, दम खा की." आजवर कुणी मला असं म्हटलं नव्हतं. परत आलो आणि पुन्हा गेलो, उगीच.

२ मार्च, रविवार
आक्काबाईला घेऊन खंडाळ्याला गेलो, माझी रेल्वेतली जुनी केबिन दाखवायला. चढावर मी बोलत बोलत पुढे. उत्तर येईना म्हणून वळलो, तर ती खूप खाली, एका बंगल्याच्या पायरीवर बसलेली, छातीवर हात. पळत गेलो.
तिथल्या डॉक्टरने ईसीजी काढला, गोळी दिली, आणि आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात न्यायला सांगितलं. अनघा गाडी घेऊन निघालीय. वाट बघत बाकड्यावर बसलोय.
"कधीपासून होतंय?" मी विचारलं.
"लय दिस झालं. तुमी थांबायचा, तवा मला बी दम घ्यायला मिळायचा."