बांधावरून नेलेली लाइन

आप्पा,

"बांधाला कुदळ लावायची नाय गो पोरी, बांध म्हंजे रस्ता नाय." तुम्ही हे म्हणालात तेव्हा बघत माझ्याकडे होतात, पण ऐकवायचं होतं शेजारी उभ्या असलेल्या साहेबांना. मी दहा वर्षांची असेन. शाळेला सुट्टी होती, आजीला बरं नव्हतं म्हणून आई रोह्याला गेली होती, आणि मला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून तुम्ही टेलिफोन खात्याच्या जीपमध्ये बसवून पेणहून खाडीकाठच्या त्या गावात घेऊन आला होतात. ग्रामपंचायतीत गावातला पहिला फोन बसणार होता. खाऱ्या वाऱ्याने वरची तार गंजते म्हणून केबल जमिनीखालून न्यायची होती, आणि साहेबांच्या मते सगळ्यांत जवळचा मार्ग बांधावरून होता. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची जमीन, मधे तो मातीचा बांध. भरती आली की पाणी जमिनीपेक्षा उंच उभं राहतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. तुम्ही बांधावर उकिडवे बसलात, हाताने माती चाचपलीत आणि उठून नाही म्हणालात. केबल रस्त्याच्या कडेने, गावाला वळसा घालून नेलीत. तीन दिवस जास्त लागले. तिन्ही दिवस बांधाशेजारच्या शेतकऱ्याच्या घरून आपल्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आलं. तो तेव्हा तिशीतला असेल. भाकरी वाढताना म्हणाला होता, "केबलवाले, तुमी आमच्यातलेच निघालात."

त्यानंतरचा सोमवार मी विसरलेले नाही. तुमचा डबा द्यायला मी पेणच्या ऑफिसात आले होते. साहेब सगळ्यांसमोर तुम्हाला बोलत होते. तू केबल जोडणारा आहेस, मार्ग ठरवणारा नाहीस, असं काहीसं. तुम्ही हात मागे बांधून, मान थोडी खाली घालून उभे होतात. मी दारात होते. तुम्ही मला पाहिलंत आणि नजर पुन्हा जमिनीकडे नेलीत. मी डबा बाकावर ठेवून पळाले. महिन्याभरात तुमची रोह्याला बदली झाली. आई म्हणाली, "साहेबांनी शिक्षा तुम्हाला दिली, मला नाही," कारण रोहा तिचं माहेर. मामा मात्र वर्षभर सोडायला तयार नव्हता. जावई बांधावरून घसरले ते थेट सासुरवाडीत येऊन पडले, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तुम्हीही हसायचात. मी हसत नव्हते. मला तुमची लाज वाटली होती, आप्पा. तुमचं चुकलं असं वाटलं नव्हतं. पण त्या खोलीत तुम्ही इतके लहान दिसलात, की असं कधीही, कुणासमोरही उभं राहायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

बदलीनंतर रोह्याला आपण राहायचो त्या दोन खोल्यांत मी अजून जाऊन येते. आता तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. स्वयंपाकघराची खिडकी तशीच आहे. तिच्याखाली तुम्ही पाटावर बसायचात आणि आईच्या स्टोव्हवर मेण वितळवायचात. केबलच्या जोडातली ओल जावी म्हणून ते मेण वरून ओतायचं असतं, हे तुम्ही मला समजावलं होतं. एकदा खात्याचं भांडं विसरलात म्हणून आईचं पातेलं घेतलंत. पुढे आठवडाभर डाळीवर पांढरी साय धरत होती, आणि आई प्रत्येक जेवणाला तुमच्या ताटात तीच डाळ आधी वाढायची. त्याच खिडकीखाली तुम्ही उरलेल्या केबलच्या रंगीत तारा सोलून मला बांगड्या विणून दिल्यात. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी. हा क्रम चुकायचा नाही, म्हणायचात. तार अंधारात जोडायची वेळ आली तरी हाताला क्रम माहीत पाहिजे. माझ्या वर्गातल्या मुली पाढे म्हणायच्या तशी मी रंग म्हणायचे.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या खिशात मोबाइल होता, पण तो तुम्ही वेळ बघायलाच काढायचात. टॉवर उभे राहायला लागले होते. तुम्हाला वाटलं होतं, आता तार संपली, आपलं काम संपलं. रोह्याच्या स्टेशनबाहेरच्या टॉवरकडे बघून तुम्ही म्हणाला होतात, हे सगळं हवेतून चालणार. तसं झालं नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. हवेतून चालतं ते फक्त फोनपासून टॉवरपर्यंत. टॉवरला पुढे शहराकडे जायला रस्ता लागतोच. नुसतं बोलणं होतं तोवर एका टॉवरवरची थाळी डोंगरावरच्या दुसऱ्या टॉवरच्या थाळीशी बोलायची आणि भागायचं. मग माणसं फोनवर बघायला लागली. मुलांचे वर्ग, बायकांच्या मालिका, लग्नं, क्रिकेट, सगळं फोनवर. घरात पाच माणसं असली तर पाच फोन आणि पाच वेगळी चित्रं. थाळीला ते झेपेना. म्हणून आता प्रत्येक टॉवरपर्यंत जमिनीखालून काचेची बारीक तार न्यावी लागते, आणि एकदा नेली की लोक आणखी बघतात, मग ती दुसऱ्या टॉवरलाही लागते. मी ज्या कंत्राटदाराकडे काम करते, तो हेच करतो. टॉवरपासून मोठ्या लाइनपर्यंतचा मार्ग मी आखते, परवानग्या गोळा करते आणि शेवटी नकाशावर सही करते. मुलाखतीच्या वेळी त्यांनी मला काचेच्या तारांचे रंग विचारले होते. क्रम तोच निघाला, आप्पा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. मी डोळे मिटून म्हणून दाखवला आणि नोकरी मिळाली.

गेल्या वर्षी माझ्या यादीत ते गाव आलं. तेच, खाडीकाठचं. टॉवर शाळेमागे आहे, रेंजच्या सगळ्या कांड्या दिसतात, पण संध्याकाळ झाली की गोल चक्र फिरत राहतं. गावानेच अर्ज केला होता. तुम्हाला भाकरी वाढणारे ते शेतकरी आता सत्तरीच्या पुढे आहेत. मी त्यांना काका म्हणते. त्यांची सून हमरापूरकडची, माहेरून गणपतीचं काम शिकून आलेली. ओटीवर मूर्ती रंगवते आणि लांबच्या गिऱ्हाइकांना फोनवर दाखवते. ती म्हणाली, "ताई, गिऱ्हाइकाला आधी डोळ्यांची आखणी बघायची असते. मी फोन जवळ नेते आन् नेमकं तवाच चित्र थिजतं. मंग तो म्हनतो, डोळे चुकलेत." काकांनी मला ओळखलं. गावच्या बैठकीत कुणीतरी विचारलं की लाइन कुठून न्यायची. काकांनी संमतीच्या कागदावर सगळ्यांत आधी सही केली आणि म्हणाले, "केबलवाल्याची पोर हाय. ती सांगंल तिथून न्या."

रस्त्याच्या कडेने न्यायची तर बांधकाम खात्याची परवानगी लागणार होती, आणि ती केव्हा येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बांधावरून अंतर निम्म्याहून कमी होतं. आमचा सुपरवायझर म्हणाला, मॅडम, हातभर तर खणायचंय, लहान मशीन आहे, दोन दिवसांत माती ओढून मोकळे. मी बांधावर गेले. उन्हाळा होता, माती तडकलेली. मी उकिडवी बसून हाताने ती चाचपली सुद्धा. तुमचं वाक्य मला आठवलं नाही असं मी लिहू शकले असते, पण ते खरं नाही. स्पष्ट आठवलं, आवाजासकट. आणि त्याच्या मागोमाग ती खोली आठवली, हात मागे बांधलेले तुम्ही. त्या महिन्यात माझे तीन मार्ग अडकलेले होते. दर सोमवारी सगळ्यांसमोर कुणाचं किती राहिलं ते वाचून दाखवतात. मला उभं राहायचं नव्हतं. मी सही केली. माती पाणी मारून, धुम्मसाने ठोकून बसवा, असं सुपरवायझरला सांगितलं. बसवली की नाही ते बघायला गेले नाही. त्या आठवड्यात मी कोलाडच्या कामावर होते.

लाइन सुरू झाली. सुनेने मला फोन करून पूर्ण मूर्ती दाखवली, डोळ्यांतली बारीक रेघ न् रेघ दिसत होती. दोघी खूप हसलो. मग पाऊस लागला. सैल मातीत खेकड्यांनी बिळं केली. लावणी होऊन पंधरा दिवस झाले असतील, अमावास्येचं उधाण होतं, आणि दुपारच्या भरतीला आमच्या चराच्या रेषेवरच बांधाला खांड पडली. मला ते कळलं फोनवरूनच. कुणीतरी उभं राहून चित्रण केलं होतं आणि ते तासाभरात पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांकडे पोचलं होतं. स्वच्छ चित्र, कुठेही न अडकणारं. खांडीतून खारं पाणी शेतात कोसळतंय, आणि वर, दोन्ही तुटक्या टोकांच्या मधे, आमची काळी नळी लोंबते आहे. ती तुटली नव्हती. तिच्यातूनच ते चित्र जगभर चाललं होतं.

मी पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. घरटी एक माणूस बांधावर आला होता. त्याला तिथे जोळ म्हणतात. चिखलाची ढेकळं हातोहात देत ते खांड बुजवत होते. चिखल द्यायला मीही रांगेत उभी राहिले. कुणी अडवलं नाही. काका बांधाच्या टोकाला बसले होते. त्यांच्या शेतात रोपांचे फक्त शेंडे पाण्यावर दिसत होते. मी जवळ गेले.

"तुझा बापूस हितंच उभा ऱ्हायला व्हता," ते म्हणाले. "नाय म्हनला व्हता. तुला ठाव हाय ना?"

"हाय, काका."

"मंग?"

मी हाताला लागलेला चिखल खरवडायला लागले. तेच पुढे म्हणाले, "नेट झकास चालतो हां. सून खूश हाय." टोमणा होता की मला सावरून घेणं, ते मला अजून कळत नाही. मग पाण्याकडे हात करून म्हणाले की खार उतरायला तीन पावसाळे जातील, तेही बांध पक्का झाला तर. ढेकळांचा बांध पुढच्या उधाणापुरता. पक्का करायला यंत्रं, दगड, मुरूम लागतो, ते जोळीचं काम नाही. "तीन पावसाळे म्या हाय का नाय, कुनाला ठाव," म्हणाले, आणि उठून चिखल द्यायला गेले.

बांध पक्का कोणी करायचा हे ज्या अहवालावर ठरणार होतं, तो अहवाल मीच लिहायचा होता. ऑफिसात मला खुर्ची दिली, चहा दिला. कोणी आवाज चढवला नाही. साहेब एवढंच म्हणाले की बांध आधीपासून पोखरलेला असेलच, तुम्ही पाहिलं असेल. मी लिहिलं: बांध पूर्वीपासून खेकड्यांनी पोखरलेला होता. माती ठोकून बसवण्यात आली होती. काम गावाच्या संमतीने झाले. तीनपैकी एकच वाक्य खरं आहे, आणि ते काकांच्या सहीमुळे खरं आहे. आमच्या कंपनीने हात झटकले. काकांनी तक्रार केली नाही. विचारायला आलेल्यांना ते म्हणाले म्हणे, केबलवाल्याच्या पोरीनं लिव्हलंय तर तसंच असंल.

आता थंडी सरत आली आहे. परवा गागोद्याकडे जाताना वालाची शेतं शेंगांनी भरलेली पाहिली. खाडीकडे मात्र ते शेत पांढरं पडलंय, मिठाचा पापुद्रा धरून. दुसरा अहवाल लिहिता येतो. मी चौकशी केली आहे, पावसाच्या आत दिला तर बांधाचं काम कंपनीला करावंच लागेल. त्यावर मला लिहावं लागेल की मार्ग माझा होता, माती ठोकून बसवली का ते मी पाहिलं नाही आणि पहिला अहवाल खोटा होता. मग नोकरी राहणार नाही, आणि त्याआधी एक सोमवार येईल. तुमची नात बारावीला आहे. तिच्या बाबांचं काम सुटून दीड वर्ष झालं. कोरा कागद आठ दिवस टेबलावर होता. त्याच कागदावर मी हे पत्र लिहिते आहे, म्हणजे तोही आता उरला नाही. हे पाठवायला पत्ता नाही, आणि घरात कुणाला दाखवायची हिंमत नाही.

आप्पा, तुमच्याकडे मी बांगड्यांनंतर काही मागितलं नाही. आज मागते. एकदाच म्हणा, राहू दे गो, झालं ते झालं. तुमच्या तोंडून आलं तर मी तेवढ्यावर निभावून नेईन. तुम्ही म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. हात मागे बांधून उभे राहाल आणि जमिनीकडे बघाल.

तरी म्हणा.