ओठावर निघालेला ताप

माय, तुला जाऊन तेरा वर्षं झाली. आणि आज जे सांगायला बसलोय ते तू जिवंत असतीस तर तुझ्यासमोर माझ्या तोंडातून निघालंच नसतं. पण दुसरं कोणी नाही. बाबा विचारतात, कॉलेज मधातच काहून सोडलं. मी म्हणतो, मन लागत नव्हतं. वाशीमजवळच्या मालेगावात फवारणीचे पंप दुरुस्त करतो, दुकानामागच्या खोलीत राहतो. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा दिवसभर माझ्याशी कोणी बोलत नाही.

शाळेतली तुझी खिचडीची चूल आठवते. मी पहिलीत, तुझ्या पदराशी. तू चमचाभर काढून आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहतेस, फुंकर घालतेस आणि तोच चमचा माझ्या तोंडात. तुझ्या ओठाच्या कोपऱ्यावर कधी कधी बारीक फोडांचा झुपका असायचा. पुढे मलाही यायला लागला, ताप येऊन गेला की. तू त्यावर लोणी लावायचीस. "ताप निंगाला ओठावाटे. आता भेव नाही," म्हणायचीस आणि मुका घ्यायचीस. आपल्याकडे सगळेच असं म्हणतात, मीही तेच धरून चाललो.

वाशीमच्या कॉलेजात मला एक मुलगी आवडायची. आम्ही दोघंही एकवीस वर्षांचे. अकोल्याहून तिची बस यायच्या वेळेला मी काहीतरी निमित्त काढून स्टँडवर हजर असायचो, इतकी आवडायची. लग्नाआधी पुरते संबंध नकोत असं तिचं म्हणणं, ते मला पटलं होतं. पण एका दुपारी मित्राच्या खोलीवर, दोघांच्या मर्जीनं, मी तिला ओठांनी जवळ केलं, कमरेच्या खालीही. माय, इथं तू कान झाक. तोंडानं काय होते, असं वाटायचं. पोट राहत नाही म्हणजे काहीच होत नाही. माझ्या ओठावरचे फोड तेव्हा वाळत आले होते. तिनं विचारलं, "हे काय झालं ओठाले?" मी म्हणालो, "काई नाही, ताप निंगाला."

आठवडाभरात तिला ताप आला, आणि तिथे फोड. लघवीला बसली की रडायची. स्टँडवर मला बाजूला घेऊन तिनं हे सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. मी कोणाजवळ गेलो नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मग उरलं कोण? "मी तं कोणाले हात लावला नाही. तुले हे कुठून आलं?" आवाज चढलेला, उसाचा रस पिणारे चारजण वळून पाहतायत. ती म्हणाली, "तू काय बोलून राह्यला, समजते का तुले?" मी म्हणालो, समजते. ती अकोल्याच्या गाडीत बसली. चौथीत पेन्सिलीसाठी मी शेजारच्या पोराचं नाक फोडलं आणि ती पेन्सिल माझ्याच खिशात निघाली, तेव्हा तू म्हणाली होतीस, "आधी आपला खिसा पाह्य, मंग दुसऱ्याची गचांडी धर." गाडी गेली तरी मला ते आठवलं नाही. ती अकोल्याहून परत आली नाही, मी परीक्षेला बसलो नाही.

मागच्या महिन्यात माझ्या ओठावर पुन्हा फोड उठले. तिच्याकडून मला काही लागलं असेल, या भेवानं सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक ताई तुझ्याच वयाच्या वाटल्या, तू असतीस तर. मी खाली मान घालून सांगत गेलो.

"पुऱ्या संबंधाची गरज नसते बाबू," त्या म्हणाल्या. "कातडीले कातडी लागली तरी पुरते. तोंडातून खाली जाते, खालून तोंडात येते. गरमी, म्हणजे सिफिलिस, तशीच लागते. परमा, म्हणजे गनोरिया, तं गळ्यात बसून राह्यते अन् माणसाले पत्ता नसते. निरोध लावला तं धोका कमी होते, पुरा जात नाही. रक्त तपासून घे. अन् हे ओठावर काय हाये?"

"थो ताप हाये."

"थो ताप नाही. हर्पिस म्हणतात त्याले. लहानपणी घरच्याच कोणाच्या मुक्यानं लागते, अन् मंग अंगात झोपून राह्यते. फोड असला तं जास्त पसरते, नसला तरी कधी कधी. त्या पोरीले तुह्यापासून झालं असन."

रक्तात गरमी वगैरे काही निघालं नाही. काल रविवार होता. मी तिला फोन लावला.

"थे माह्यापासून झालं," मी म्हणालो. "तुह्यी काई चूक नव्हती."

"माहीत हाये. डॉक्टरनं तवाच सांगतलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"ऐकलं असतं तू?" ती म्हणाली. "फोड येतात, मी गोळ्या घेते, थे बसते. स्टँडवर चार लोकायनं ऐकलं, थे कुठं बसते? आता फोन नोको करू."

माय, आणखी एक. ताईंनी विचारलं होतं, घरी कोणाच्या ओठावर असे फोड यायचे का. मी म्हणालो, नाही, कोणाच्याच नाही. स्टँडवर तिच्यावर बोट ठेवायला मला एक क्षण लागला नव्हता. तुझं नाव मात्र जिभेवर येऊ दिलं नाही. हा कागद टपालात टाकायचा नाहीच, म्हणून एवढं लिहून ठेवतो.